अ.पा.क. आई: कोर्टात ठेवलेल्या पैशांचा हिशेब कोण विचारतो?

मोटार अपघाताच्या भरपाईचा कुठलाही जुना अर्ज काढून पहिलं पान बघा. अर्जदारांमध्ये आधी मयताची बायको, शेवटी म्हातारे आईवडील आणि मधे कुठेतरी ‘अर्जदार क्र. ३, वय ६ वर्षे, अज्ञान, अ.पा.क. आई, अर्जदार क्र. १’ अशी ओळ असते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता किंवा पालनकर्ती. कोर्टाच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं मूल, अडाणी नव्हे. पण ही गोष्ट वकील सहसा सांगत नाहीत. मग बाहेरच्या बाकावर बसलेली आई कागद उलटापालटा करत विचारते, “माही पोरगी वर्गात पयली येते, अन् तिले अज्ञान काहून लिहिलं जी?”

त्या एका शब्दामुळे पुढची बारा वर्षं या मुलीच्या वाट्याचा पैसा कोर्टाच्या देखरेखीखाली राहणार असतो. तो कुठे ठेवतात, कोण सांभाळतं, त्यावर व्याज मिळतं का आणि कोणी सांभाळलाच नाही तर जाब कोण विचारणार, हे या लेखात बघू. शेवटचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नागपुरात त्याचं उत्तर अर्ध्या तासाच्या पायपिटीत सापडतं आणि तरी सापडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण धरू. हिंगणा एमआयडीसीतला एक वेल्डर उमरेड रोडवर ट्रकखाली गेला. न्यायाधिकरणाने अठरा लाखांची भरपाई दिली आणि त्यातले पाच लाख सहा वर्षांच्या मुलीच्या नावे ठरवले. पूर्वी विमा कंपनी चेक जमा करायची. ही रक्कम न्यायाधिकरणाच्या खात्यात ऑनलाइन भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. बायकोचा काही हिस्सा तिच्या खात्यात जातो. मुलीच्या हिश्श्याबद्दल बहुतेक आदेशांत ठरलेली वाक्यं असतात: रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलगी सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी, व्याज आईला द्यावं, ठेवीवर कर्ज देऊ नये, न्यायालयाच्या परवानगीशिवाय ठेव मोडू नये.

ही वाक्यं आली केरळच्या परिवहन महामंडळाच्या एका जुन्या खटल्यातून. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान मुलं आणि निरक्षर अर्जदार यांच्या पैशांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यामागचा विचार साधा होता. तेराव्याच्या दिवशी कधी न दिसलेले दीर-भाचे भरपाई मिळाली की दारात उभे राहतात. एजंट वेगळेच. एकरकमी पैसा अशा घरात फार दिवस टिकत नाही.

विचार चांगला असला तरी त्याचा साचा झाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच न्यायाधिकरणांना सांगावं लागलं की अर्जदार शिकलेला आहे की नाही, त्याची गरज काय आहे, हे न बघता सरसकट सगळ्यांचे पैसे ठेवीत अडकवू नका. मला हे पटतं. चाळिशीतली, नोकरी करणारी बाई स्वतःच्याच पैशासाठी अर्ज करते आणि तारखा घेत बसते, त्यात संरक्षण कमी आणि अवहेलना जास्त असते. कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्यात तर बाईचं नाव कायद्याने असमर्थ ठरलेल्या माणसांच्या पंक्तीतच होतं. तिला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची. थेट तिच्या हातात दिली, तर ती दिली असं धरतच नसत.

कोर्टातला सगळाच पैसा बँकेत जात नाही. काही पैसा सरकारी तिजोरीतही जातो, आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते.

संविधानाच्या अनुच्छेद २८४ नुसार एखाद्या खटल्याच्या किंवा व्यक्तीच्या नावे कोर्टात जमा झालेला पैसा ‘लोकलेख्यात’ भरायचा असतो. लोकलेखा म्हणजे सरकारकडे असलेला पण सरकारचा नसलेला पैसा: ठेवी, भविष्य निर्वाह निधी, अनामत रकमा. सरकार इथे फक्त राखणदार असतं. कोषागाराच्या हिशेबात दिवाणी न्यायालयांच्या ठेवींसाठी मुख्य शीर्ष ८४४३ खाली एक उपशीर्ष आहे. हे शीर्ष बिनव्याजी ठेवींच्या गटात येतं. म्हणजे तिथे पडलेले पाच लाख बारा वर्षांनीही पाच लाखच असतात.

हिशेब करून बघा. पाच लाख सात टक्क्यांनी, दर तिमाहीला चक्रवाढ धरून, बारा वर्षं ठेवले आणि व्याज काढलं नाही, तर साधारण साडेअकरा लाख होतात. बचत खात्यात तीन टक्के धरले तर सात लाखांच्या थोडं वर. कोषागारात पाच लाख. मुलगी एकच आणि रक्कमही तीच. फरक पडतो तो नाझराच्या टेबलावरून कागद कोणत्या दिशेला गेला यावर. (नाझर म्हणजे कोर्टातला रोख रक्कम सांभाळणारा अधिकारी. हा शब्द इंग्रजांच्याही आधीपासून आपल्याकडे आहे आणि अजून टिकून आहे.)

त्यातही कोषागारातली रक्कम नियमाने ठरलेली वर्षं कोणी मागितलीच नाही, तर ती ‘व्यपगत’ होऊन सरकारी जमेत जाते. नंतर हक्कदार आला तर ती मिळते, बुडत नाही. पण तिच्यासाठी वेगळी मंजुरी, वेगळा कागद आणि आणखी चकरा.

बँकेत ठेवलेला पैसाही आपोआप सुरक्षित राहतो असं नाही. मुलगी अठरा वर्षांची झाली, ठेवीची मुदत संपली आणि कोणी गेलंच नाही, तर काय होतं? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१च्या सूचनेनुसार मुदत संपून तशीच पडलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी असेल तो लागतो. आणि दहा वर्षं पडून राहिली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तिथूनही ती परत मिळते, फक्त ती आहे हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं.

ते ठाऊक नसायला कारणं भरपूर आहेत. पावतीची मूळ प्रत कोर्टाच्या कपाटात असते. वकील वारलेले असतात किंवा त्यांच्या ज्युनियरने ऑफिस बदललेलं असतं. आई माहेरी गावी निघून गेलेली असते. त्यात बँकाच नाहीशा झाल्या. पावतीवर छापलंय देना बँक, ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात, आंध्रा बँक युनियनमध्ये, ओरिएंटल बँक पंजाब नॅशनलमध्ये. शाखा एकत्र झाल्या आणि खाते क्रमांक बदलले. अठरा वर्षांची पोरगी ती पावती घेऊन नागपूरच्या बर्डीत फिरली, तर त्या पाटीची बँक तिला कुठेच दिसणार नाही.

हे पैसे एकूण किती, याचा अंदाज २०२५ मध्ये आला. गुजरातमधल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी सर्वोच्च न्यायालयाला ईमेल पाठवून लिहिलं की मोटार अपघात न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत भरपाईच्या मोठ्या रकमा कोणी नेल्याविना पडून आहेत. न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि राज्यांकडून आकडे मागवले. गुजरातच्या मोटार अपघात न्यायाधिकरणांत सुमारे २८२ कोटी निघाले. महाराष्ट्राचा आकडा सुमारे ४५९ कोटी. २२ एप्रिल २०२५च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अर्जातच आधार, पॅन आणि संपर्काचे तपशील घ्या, बँक खात्याची खातरजमा करून पैसे थेट खात्यात टाका, पडून असलेल्या रकमांची माहिती लोकांना बघता येईल अशी ठेवा आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने हक्कदार शोधून काढा.

उत्तम निकाल आहे. पण प्रश्न विचारला कोणी? एका निवृत्त न्यायाधीशाने, घरी बसून, ईमेलने. कुठल्या आमदाराने किंवा कुठल्या समितीने नाही. दर डिसेंबरला आपल्या नागपुरात अख्खं विधिमंडळ येऊन बसतं, तरीही.

आता ती अर्ध्या तासाची पायपीट. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेसमोर उभे राहा. दहा वर्षं न मागितलेल्या ठेवी शेवटी ज्या संस्थेच्या निधीत जातात, ती ही. तिथून सिव्हिल लाइन्समध्ये शिरलात की विधान भवन. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे होतं. त्याच परिसरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ, जिल्हा न्यायालय आणि महालेखाकार कार्यालय. पैसा ठेवणारा, त्याचा हिशेब तपासणारा आणि त्यावर प्रश्न विचारू शकणारा, सगळे शेजारीपाजारी. अधिवेशनात बॅरिकेड लागली की तेवढा वळसा पडतो.

मग विचारत का नाहीत? पहिलं उत्तर ठरलेलं मिळतं: “कोर्टाचा विषय आहे.” हे अर्धं खरं आहे. अनुच्छेद २११ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने आपलं कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. संसदेसाठी तशीच तरतूद अनुच्छेद १२१ मध्ये आहे. जिल्हा न्यायालयांवर अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. आणि चालू खटल्यावर सभागृहात बोलायचं नाही, ही शिस्त जुनीच आहे. हे सगळं असायलाच हवं. आमदार न्यायाधीशाला भरपाईबद्दल जाब विचारू लागले, तर पुढच्या निकालात कोणाचा फोन आला असेल ते सांगायला नको.

पण या पैशात दोन वेगळी कामं आहेत. मुलीला पाच लाख द्यायचे, चार नाही, हा निवाडा झाला. तो न्यायाधीशाचा, तिथे कोणी बोट घालू नये. त्या पाच लाखांची पावती कुठल्या नोंदवहीत चढली, मुदत संपायच्या आधी कोणी पत्र पाठवलं का, या जिल्ह्यात मुदत उलटून पडलेल्या ठेवी किती, हे कारकुनी काम आहे, घरच्या किराण्याच्या वहीसारखं. त्यात न्यायाची बाब काहीच नाही. हे काम करणाऱ्या नाझराचा पगार, त्याचा संगणक, अभिलेख कक्षातली लोखंडी कपाटं यांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो. इथे एक बारकावा आहे. उच्च न्यायालयाचा खर्च ‘भारित’ असतो. त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. जिल्हा न्यायालयांचा खर्च मात्र विधानसभेच्या मतानेच मंजूर होतो. पैसे मंजूर करणाऱ्याला वही बघायची आहे म्हणण्याचा हक्क असतो. उत्तर द्यायला विधि व न्याय विभाग आहे.

ही वही बघण्याची नेहमीची वाट म्हणजे विधिमंडळाची लोकलेखा समिती. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, राज्याच्या हिशेबाचे अहवाल राज्यपालांना देतात आणि ते विधिमंडळात मांडले जातात. समिती त्यातले परिच्छेद निवडते आणि विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावते. संसदेतली समिती अशीच चालते: लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. तिथे भाषण चालत नाही. सचिवाला परिच्छेदातल्या आकड्याचं उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर अपुरं वाटलं तर लेखी मागतात.

माझी खरी तक्रार इथे आहे. कॅगला काय दिसतं? लोकलेख्यातला पैसा दिसतो. शीर्ष ८४४३ खाली शिल्लक किती, कोर्टाच्या वहीचा आणि कोषागाराच्या वहीचा मेळ बसतो का, व्यपगत रकमा वेळेवर वळवल्या का, हे तपासता येतं. बँकेत मुलीच्या नावाने ठेवलेली एफडी राज्याच्या हिशेबात येतच नाही, कारण तो पैसा सरकारचा नाही आणि तिजोरीतही नाही. म्हणजे मुलीला व्याज मिळतं ती वाट तपासणाऱ्याच्या नजरेबाहेर, आणि तपासणाऱ्याला जी वाट दिसते तिथे व्याज नाही. यात कोणाचा कट नाही. नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झाले आणि मधली फट तशीच राहून गेली.

पालकांवरच्या कायद्यातही अशीच फट आहे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ३४ नुसार कोर्टाने नेमलेल्या मालमत्तेच्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, हिशेब द्यायचा. पण हे सगळं न्यायालयाने ‘मागितल्यास’. ज्या कोर्टात हजारो प्रकरणं रांगेत आहेत, तिथे न भांडणाऱ्या मुलाच्या फायलीत हिशेब मागायची आठवण कोणाला राहणार? उलट १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वगैरे असलेल्या व्यक्तींसाठी नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत यादी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावाच लागतो. शिवाय राष्ट्रीय न्यासाचे स्वतःचे हिशेब कॅग तपासतो आणि ते संसदेसमोर जातात. म्हणजे विषय संसदीय समितीपर्यंत पोहोचायची एक वाट तरी आहे. अपघातात बाप गेलेल्या मुलाच्या एफडीला अशी वाट नाही.

बाहेरच्या देशांत संसदेने यात हात घातलेला आहे आणि न्यायव्यवस्था कोसळलेली नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आजारामुळे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्यांच्या मालमत्तेवर कोर्टाच्या वतीने ‘पब्लिक ट्रस्ट ऑफिस’ देखरेख करायचं. तिथल्या लोकलेखा समितीने १९९४ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये त्याचा हिशेब घेतला. ज्यांना दुसऱ्याचे पैसे सांभाळायला दिले ते वार्षिक हिशेब वेळेवर देत नाहीत, आणि ज्यांचे पैसे आहेत त्यांना जाऊन भेटणंही पुरेसं होत नाही, असं निघालं. कुठल्याही न्यायाधीशाच्या निकालाला समितीने हात लावला नाही. तिने विचारलं ते एवढंच, की यंदा किती जणांना भेटलात? २००१ मध्ये ते ऑफिस मोडीत काढून नवी यंत्रणा उभी केली.

आयर्लंडचं प्रकरण आपल्याला आणखी जवळचं. तिथे निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढांना कोर्टाचे पाल्य करण्याची पद्धत १८७१च्या ‘लुनसी’ (म्हणजे वेडाविषयीच्या) कायद्यावर २०२३ पर्यंत चालली. त्यांचा पैसा कोर्ट सेवेमार्फत गुंतवला जायचा. २००८च्या मंदीत गुंतवणुकी घसरल्या, तेव्हा घरची माणसं विचारू लागली की आमच्या मुलाचा पैसा कोणी, कुठे गुंतवला? संसदीय समित्यांसमोर हा विषय गेला आणि तिथेही पेच हाच होता: पैसा सरकारचा नाही, तर सरकारी लेखापरीक्षकाने तो तपासावा का? २६ एप्रिल २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आणि जुन्या पाल्यांना टप्प्याटप्प्याने मोकळं करायचं ठरलं.

एक विषयांतर. ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ हे नाव विदर्भातल्या जुन्या मालगुजारी (जमीनदार) घरांना नवं नाही. मध्य प्रांताचा त्याबद्दलचा कायदा १८९९चा. नावात कोर्ट असलं तरी ते कोर्ट नव्हतं, महसूल अधिकारी ती इस्टेट चालवायचे. तेव्हा मालगुजाराच्या अज्ञान वारसाची मालमत्ता सांभाळायला अख्खं खातं होतं, कारण शेतसारा वसूल व्हायला हवा होता. वेल्डरच्या पोरीच्या पाच लाखांतून सरकारला काही वसूल करायचं नाही. शिवाय अज्ञानाला मत नसतं, त्यामुळे तिच्यासाठी टेकडी रोडवर मोर्चाही येत नाही.

म्हणून येत्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराला तारांकित प्रश्न टाकायचा असेल तर तयार आहे, कोणीही घ्यावा. अज्ञान अर्जदारांच्या नावे न्यायालयांच्या आदेशाने बँकांत ठेवलेल्या मुदत ठेवी जिल्हानिहाय किती? त्यांतल्या किती ठेवींचे हक्कदार अठरा ओलांडून गेले? त्यांतल्या किती जणांना पत्र गेलं? विलीन झालेल्या बँकांच्या पावत्या नव्या बँकेच्या नावावर करून घेतल्या का? यात एकाही न्यायाधीशाचं नाव नाही, एकही निकाल नाही. विभागाकडे आकडे नसतील, तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर येईल. तेही कामाचं, कारण पुढच्या वर्षी संकलन कुठवर आलं हे विचारता येतं.

तोवर ज्यांच्या घरात असा पैसा आहे त्यांनी थोडी वही स्वतःच ठेवावी. आदेशाची नक्कल आणि एफडीच्या पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घरात हवीच. वकिलाकडे आहे, यावर विसंबू नका. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेत जाऊन नवा ठेव क्रमांक लिहून घ्या. मुलाचा पॅन काढून ठेवीला जोडा, नाहीतर व्याज मर्यादेपलीकडे गेल्यावर वीस टक्के टीडीएस कापला जातो. शिक्षण किंवा दवाखान्यासाठी मधेच पैसे लागले तर कोर्टात अर्ज करता येतो. कॉलेजची फी-पावती, अंदाजपत्रक असे कागद जोडले की त्याला वजन येतं.

मुलगी अठरा वर्षांची झाली की ती सज्ञान झाल्याची नोंद घेऊन ठेव तिला मिळावी, असा अर्ज तिने स्वतःच्या सहीने द्यायचा. सोबत जन्माचा दाखला किंवा शाळेची टीसी, आधार, पॅन आणि तिच्या एकटीच्या नावाच्या खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान. आईबरोबरचं जुनं संयुक्त खातं देऊ नका, त्यावरून हमखास शंका निघते आणि तारीख वाढते.

आणि ठेव फार जुनी असेल, पावतीच सापडत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. २०२३ पासून ते सुरू आहे. पॅन, मतदार ओळखपत्र असं काही ठेवीला जोडलेलं नसलं तरी जन्मतारीख टाकून बघता येते, आणि अज्ञानाच्या नावच्या ठेवीत बहुधा तेवढीच नोंदलेली असते. नावाचं स्पेलिंग मात्र आदेशात टाइप झालंय तसं टाकायचं, शाळेच्या दाखल्यावरचं नाही. तिथे काही निघालं नाही म्हणून पैसा नाही असं समजू नका. दहा वर्षं उलटलेल्या ठेवीच तिथे दिसतात. त्याहून अलीकडची असेल तर पावती अजून नाझराच्या कपाटात असायची शक्यता जास्त.